आखाड्यावरचा रविवार

हसनाबादच्या पेठेच्या शेवटाला, जिथून शेतांकडं जायचा रस्ता फुटतो, तिथं मच्छिंद्रचं मटणाचं दुकान आहे. दुकान म्हणजे वर चार पत्रे, पुढं लोखंडी जाळी, आत चिंचेच्या खोडाचा ठोकळा आणि त्यावर बापाच्या वेळचा सत्तूर. मच्छिंद्रनं पन्नाशी ओलांडलेली. अंगानं आडवा, पण आवाज असा मऊ की नवं गिऱ्हाईक दोनदा विचारायचं, काय म्हणालात?

राधाकिसन हे त्याचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. गिऱ्हाईक म्हणायचं, पण नातं त्याच्या पुढचं होतं. मच्छिंद्रचा बाप गेला तेव्हा मच्छिंद्रला अजून मिसरूड फुटायचं होतं. त्या दिवसांत हा शेतकरी गडी दर रविवारी न चुकता दुकानापुढं येऊन उभा राहायचा, वाकडंतिकडं कापलेलं मटण घ्यायचा आणि म्हणायचा, "बराबर कापलं लेका." पुढं हात बसला, पण ते म्हणणं तसंच राहिलं.

अडचण एकच होती. राधाकिसनच्या घरात मटण चालत नव्हतं. त्याची बायको साखराबाई, लेक सुरेखा तान्ही असतानाच, बाळंतपणाच्या दुखण्यापायी जाळीच्या देवाला जाऊन महानुभाव पंथाचा उपदेश घेऊन आली होती. उपदेश घेतला की मांस-मद्य कायमचं सुटलं. त्या दिवशी महंतांपुढं बायकोशेजारी हात जोडून बसलेल्या राधाकिसनला भरून आलं आणि तोही बोलून गेला, "मी बी सोडलं."

सोडलं खरं, पण पुढचा पोळा होईपर्यंतच. त्यानंतर त्यानं एक वाट काढली. रविवारी सकाळी दुकानात यायचं, मटण वैरणीच्या पोत्यात खाली दडवायचं आणि थेट आखाडा गाठायचा. आखाडा म्हणजे शेतातलं खोपट, बैल बांधायला, वैरण रचायला. तिथं तीन दगडांवर आपल्या हातानं रस्सा शिजवायचा, पोटभर जेवायचं, विहिरीवर अंगाला साबण चोळून आंघोळ करायची आणि दिवस कलताना घरी जायचं. दुपारी दुकान बंद झालं की मच्छिंद्रही तिकडं जाई. गावात त्याला चहा पाजणारे पुष्कळ होते; एका ताटात जेवणारा राधाकिसन एकटाच.

मच्छिंद्रला एक गोष्ट मात्र आतून खायची. साखराबाई कधी दुकानावरून गेली तर नाकाला पदर लावून जायची, आणि मच्छिंद्र मान खाली घालून ठोकळा खरवडत राहायचा. तिला वासाची शिसारी येते याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. ज्या बाईनं आपलं काही वाकडं केलं नाही, तिला फसवण्यात आपला हात आहे, याचं वाटायचं.

यंदा दसऱ्याच्या पुढं राधाकिसन गोठ्यात शेणावरून घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. जालन्याला ऑपरेशन झालं. मच्छिंद्र तिथं जाऊन बसायचा, पण घरी आणल्यावर भेटायला गेला तर बाजेवर पडलेला माणूस ओळखू येईना. गालफडं बसलेली, दंड वाळलेले.

"जेवत न्हाई काय, भौ?" त्यानं विचारलं.

"जेवतो की. वरण पेतो, खिचडी खातो." राधाकिसननं आतल्या दाराकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "रविवार आला की नुसता डोळ्यापुढं आखाडा येतो रे. चूल दिसती. मंग खिचडी गोळा होऊन गळ्यात बसती."

"डब्यात आणू का?"

"बिलकुल न्हाई!" म्हाताऱ्यानं त्याचं मनगट धरलं. "ह्या घरात न्हाई. तिच्या देव्हाऱ्याच्या भिंतीला भिंत हाये माझी. इतकी वर्षं निभावलं, आता मरताना तिला कळू द्यू?"

तेवढ्यात साखराबाई चहा घेऊन आली. "दंडवत, मच्छिंद्रभाऊ," म्हणाली आणि कप ठेवून निघून गेली. मच्छिंद्रला तो चहा गोड लागला नाही.

नंतरच्या एका रविवारी, दुकानावरची गर्दी ओसरली तेव्हा मच्छिंद्रनं मान वर केली, तर समोर पंक्चरच्या दुकानाच्या सावलीत साखराबाई उभी. बराच वेळ उभी असावी. टाचा दुखल्यासारखी एकदा या पायावर, एकदा त्या पायावर होत होती. पदर नाकाला होता, पण डोळे दुकानाकडंच होते.

मच्छिंद्र गडबडला. त्यानं लटकवलेल्या मांडीवर ओलं फडकं टाकलं, ठोकळ्यावर गोणपाट ओढलं, फरशीवर दोन बादल्या पाणी मारलं. हात धुतले, पुन्हा धुतले आणि रस्ता ओलांडून तिच्यापाशी गेला. पंक्चरवाला जेवायला गेलेला, दोघंच होती.

"वयनी, भौला काही झालं काय?"

"झालं न्हाई अजून. पण व्हईल." साखराबाईनं पदर थोडा खाली घेतला. "डॉक्टर म्हन्ले, अंगात रगत न्हाई. पायाचं सूप द्या, अंडे द्या. आन् ह्यो माणूस डॉक्टरपुढं काय म्हनला ठाव हाये? म्हनला, आमच्या घरात आसलं काही चालत न्हाई. मीच खाली बघितलं."

मच्छिंद्र ओले हात सदऱ्याला पुसू लागला.

"तुमीच घेऊन जा त्याह्यला आखाड्यावर. तुमचा टेम्पो हाये. कपाशी पाह्यला नेतो म्हना. आन् खाऊ घाला, जसं घालत आल्ते."

मच्छिंद्रच्या कानशिलात एकदम गरम झालं. "वयनी... तुम्हाला..."

"काऊन, मी काय दुधखुळी हाये?" साखराबाईच्या तोंडावर हसू येऊ बघत होतं, पण तिनं ते येऊ दिलं नाही. "हप्ताभर नुसत्या पाण्यानं आंघोळ करणारा माणूस. रविवारी तेवढा साबणाचा वास घेऊन घरी यायचा. मोती साबणाचा! दिवाळीला आणलेली वडी कुठं जाती म्हनून मी हुडकायची, ती विहिरीच्या कपारीत सापडली."

"मंग इतके वर्षं बोल्ल्या काऊन न्हाईत?"

 एक ट्रॅक्टर ऊस भरून गेला, तो जाईपर्यंत ती थांबली.

"उपदेश मी घेतला, माझ्या मनानं घेतला. त्याह्यनं सोडतो म्हनलं ते माझ्यापायी. माया आली आन् बोलून बसले. मंग निभलं न्हाई. आता मला ठाव हाये हे कळलं आस्तं, तर लाजेनं सोडलं आस्तं त्याह्यनं. आन् रविवारचं ते हसत घरी येणं बी सुटलं आस्तं." तिनं पदर सारखा केला. "म्या म्हनलं, येऊ द्या हसत."

ती चालायला लागली.

"एक हाये," जाता जाता ती वळून म्हणाली. "मी इथं आल्ते हे त्याह्यला सांगू नका. घास उतरायचा न्हाई. इतके वर्षं त्याह्यच्यासाठी माझ्यासंगं खोटं वागलात, आता जरा माझ्यासाठी त्याह्यच्यासंगं वागा." मच्छिंद्रनं मान डोलावली.

घरी आल्यावर मच्छिंद्रनं सोनूबाईला सगळं सांगितलं. बायकोपासून त्याला काही लपवता येत नसे. सोनूबाई लसूण सोलत होती, ती ऐकता ऐकता थांबली. "आन् तुमी आपले चोरावानी पोत्यात दडवून देत व्हते," म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत हसत बसली.

पुढच्या रविवारी मच्छिंद्रनं दुकान लवकर आवरलं. ज्या छोट्या टेम्पोत तो बाजारातून बकरे आणायचा, तो त्यानं सोडा टाकून धुतला, मागं गादी टाकली, गादीवर सोनूबाईची चांगली गोधडी. राधाकिसनला मच्छिंद्रनं आणि शेजारच्या एका पोरानं उचलून बसवलं तेव्हा साखराबाई दारात उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "कपाशी पाहून जल्दी या बरं का. उन्हात बसू नका."

"आत्ता येतो," राधाकिसन म्हणाला आणि मच्छिंद्रकडं बघून डोळा मारला. मच्छिंद्रनं पटकन तोंड फिरवलं.

आखाड्यावर बाभळीखाली बाज टाकली. सोनूबाईनं पाये घरूनच शिजवून दिले होते. त्याचं पाणी मच्छिंद्रनं गरम करून वाटीत दिलं. राधाकिसननं एक घोट घेतला, डोळे मिटले. दुसरा घेतला. तिसऱ्याला म्हणाला, "मिठात कमी हाये," आणि मच्छिंद्रच्या जिवात जीव आला.

मग दर रविवारचा तोच नेम झाला. पहिल्यांदा नुसतं सूप, मग रस्सा, मग नळीचं हाड. राधाकिसन बाजेवरून हुकूम सोडायचा. "कांदा बारीक चीर, मच्छिंद्रा! बकरं तोडून राह्यला काय?" "येसराचं पीठ आत्ताच नको टाकू, आधी उकळी येऊ दे." मच्छिंद्र जन्मभर मटण विकून कधी शिजवायला शिकला नव्हता, तो आता धुरात डोळे चोळत शिकत होता. जेवण झालं की ओल्या पंच्यानं तो म्हाताऱ्याचे हात-तोंड पुसायचा आणि म्हातारा दरवेळी विचारायचा, "वास येतो का रे? नीट बघ. तिचं नाक लई तिखट हाये."

"न्हाई येत," मच्छिंद्र म्हणायचा. हे खोटं बोलणं त्याला जड जात नव्हतं, उलट घरी जाताना टेम्पोत तो एकटाच हसायचा.

दीड महिन्यात म्हातारा वॉकर धरून उभा राहू लागला. गालावर जरा मांस चढलं. घरच्या खिचडीलाही हात लागू लागला, असं साखराबाईनं दुकानापुढून जाताना, पाय न थांबवता सांगितलं. तिनं नाकावरचा पदर तेवढ्यापुरता खाली केला होता.

आणि मग एका रविवारी सुरेखा आली.

सुरेखा जाफराबादला दिलेली. तिनंही पुढं मोठेपणी उपदेश घेतलेला, आणि आईपेक्षा ती कडक. बापाला बघायला न सांगता आली, तर बाप घरात नाही. ऑपरेशनचा माणूस खाटकाच्या टेम्पोत शेतावर गेला म्हटल्यावर ती तशीच स्कूटीवर निघाली. आखाड्यावर पोचली तेव्हा राधाकिसनच्या मांडीवर थाळी होती आणि हातात नळी. तो ती थाळीच्या काठावर आपटत होता.

स्कूटी तिनं उभी केली की आडवी पडली, ते मच्छिंद्रला कळलंच नाही.

"आबा!"

राधाकिसनच्या हातातली नळी थाळीत पडली. रस्सा धोतरावर उडाला. कुणी शाळेतल्या पोराला चोरताना धरावं तसं त्याचं तोंड झालं.

"हे काय करून राह्यले तुमी? माय तिकडं तुमच्यासाठी देवापुढं बसून राह्यली, आन् तुमी..." तिचा आवाज चिरकला. मग ती मच्छिंद्रकडं वळली. "आन् मच्छिंद्रकाका, तुमी? आजारी माणसाला बाटवता? आमच्या घरी चहा पेता ना तुमी?"

"सुरेखा, माझं ऐक बाई जरा," मच्छिंद्र उठला. पण काय ऐकवणार? शब्द दिलेला होता. तो तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा उभा राहिला. 

"पोरी, त्याची चूक न्हाई," राधाकिसन पुटपुटला. "माझी जीभ... तुझ्या मायला सांगू नको. मी हात जोडतो. बंद करतो आजपासून."

सुरेखा रडतही होती आणि चिडलेलीही होती. अशा वेळी माणूस थांबत नाही. तिनं फोन काढला, लावला आणि आवाज मोठा केला. "माय! हे बघ, आबा इथं आखाड्यावर मटन खाऊन राह्यले! मच्छिंद्रकाकानं खाऊ घातलं! ऐकू येऊन राह्यलं का तुला?"

  राधाकिसननं डोळे गच्च मिटून घेतले होते.

मग साखराबाईचा आवाज आला, रोजचा, घाई नसलेला.

"भाकरी कोण्ती हाये त्याह्यच्या ताटात? सकाळची आसंल तर वाळली आसंल. चुरून द्या म्हनाव, दात न्हाईत त्याह्यला."

सुरेखाचं तोंड उघडं राहिलं. "माय, अगं, मी काय म्हनून राह्यले..."

"ऐकलं म्या. इतक्या मोठ्यानं बोंबलायला मी बहिरी न्हाई. तू त्या काकाला काही बोल्ली का? बोल्ली असशील तर माफी माग. मीच धाडलं व्हतं. आन् बापाला जेवू दे आधी." मग तिनं विचारलं, "किती खाल्लं त्याह्यनं?"

सुरेखानं फोन तसाच हातात धरला. उत्तर मच्छिंद्रनं दिलं, लांबूनच. "दीड भाकर, वयनी. दुसरी अर्धी चालू व्हती."

"मंग पुरी करा म्हनाव," साखराबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

राधाकिसननं डोळे उघडले. त्यानं मच्छिंद्रकडं पाहिलं. "तिला ठाव व्हतं?"

"व्हय."

"कवापासून?"

"पहिल्यापासून, भौ. मोती साबणापासून."

म्हाताऱ्यानं ते मनातल्या मनात उलटसुलट करून पाहिलं. मग त्याच्या खांद्याला हिसके बसू लागले. रडतोय की हसतोय, आधी कळेना. दोन्ही होतं. सुरेखा बाजेच्या कडेला टेकली आणि बापाची पाठ चोळू लागली. थाळीकडं तिनं तोंड केलं नव्हतं, पण पाठीवरचा हात काढला नाही. मग ती म्हणाली, "काका, मी लई बोल्ले."

"लेकीनं बोलू नये तर कोणी बोलावं?" मच्छिंद्र म्हणाला आणि भाकरी रश्श्यात चुरू लागला.

घरी जायची वेळ झाली तसा राधाकिसन अडून बसला. "मी न्हाई येत. कोण्या तोंडानं जाऊ? इतके वर्षं मी तिच्यापुढं साधुसंतावानी बसायचो रे." शेवटी सुरेखा आणि मच्छिंद्रनं त्याला लहान मुलासारखं समजावून टेम्पोत घातलं. रस्ताभर तो गोधडीचा धागा ओढत राहिला.

साखराबाई ओट्यावर गहू निवडत होती. टेम्पो थांबला तशी उठली, हातातलं सुपडं बाजूला ठेवलं. राधाकिसन खाली उतरला, वॉकर धरून उभा राहिला. मान वर होईना.

"मी सोडलं म्हनलं व्हतं," एवढंच तो बोलला.

"व्हय. माझ्या कानानं ऐकलं व्हतं."

"मंग बोल्ली काऊन न्हाईस?"

"काय बोलू? जाळीच्या देवाहून येताना एसटीत तुमी मला खिडकीपाशी बसवलं, पोरीला मांडीवर घेतलं, आन् आख्ख्या रस्त्यानं म्हन्त आल्ते, तू बरी झाली म्हन्जे झालं, मला काही नको. ते खोटं व्हतं का?"

"न्हाई."

"मंग बास. बाकीचं माझ्या हिशेबात न्हाई." तिनं त्याच्या दंडाला धरलं. "चला आत. धोतर बदला, रस्सा सांडलाय. वास मला सोसत न्हाई, ते खरं हाये."

मच्छिंद्र टेम्पोजवळच थांबला होता. आता आपण जावं म्हणून तो वळला, तर साखराबाईनं हाक मारली. "मच्छिंद्रभाऊ, पुढच्या रविवारी सोनूबाईला बी आणा. ज्वारी हुरड्याला आलीय."

पुढच्या रविवारी टेम्पोत मागच्या गादीवर दोन्ही बाया बसल्या आणि राधाकिसनला पुढं मच्छिंद्रच्या शेजारी बसवलं. म्हाताऱ्याचं जेवण बाभळीखाली झालं. साखराबाई तेवढा वेळ विहिरीच्या पलीकडं, वारं पाठीशी घेऊन बसली होती. तिथूनच दोनदा ओरडली, "हळू चावा! ठसका लागंल!" राधाकिसन तिकडून "व्हय, व्हय" म्हणत होता. भांडी घासून झाकून ठेवून होईपर्यंत राधाकिसननं मच्छिंद्रला उसंत दिली नाही.

मग साखराबाईनं खड्ड्यात गोवऱ्या पेटवल्या. सोनूबाईनं कोवळी कणसं तोडून आणली. इस्तवावर कणसं फुलू लागली तसा गोड, दुधाळ वास सगळ्या शेतावर पसरला. राधाकिसन वॉकर टेकत टेकत खड्ड्याजवळ आला आणि पोत्यावर बसला. सोनूबाई जरा लांब बसलेली. जवळ जावं की नाही, तिचं ठरत नव्हतं. साखराबाईनं तिच्याकडं बघितलं आणि आपल्या बाजूच्या पोत्यावरची माती हातानं झटकली. सोनूबाई येऊन बसली.

पहिलं कणीस साखराबाईनं निखाऱ्यातून काढलं, तळहातावर घेऊन चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला. हात भाजत होते, पण तिला त्याची सवय होती. हिरवे, वाफाळते दाणे तिनं आधी नवऱ्याला दिले नाहीत.

"मच्छिंद्रभाऊ, हात पुढं करा."

मच्छिंद्रनं धोतराला पुसून दोन्ही हातांची ओंजळ केली. तिनं गरम हुरडा त्यात ओतला, वर बोटभर तिळाची चटणी ठेवली.

"लौकर खा," ती म्हणाली, "निवला की गोडी जाती."